उन्हात ठेवलेली लाल चांदी

उदारामने डबा उलटा करून आपटला. आतून नुसतं काळं फडकं पडलं.

“अवं सुशिले! माहा गोटा कोठी हाय?”

“खाटेवर हाय. कुरोड्यासंगं वाळून राहिला.”

“वाळून? कायले?”

“पावणा येऊन राहिला म्हणलं तुमी. देवाचा तांब्या घासत होती, त्याच चिंचीनं घासला. मंग काल उनात ठेवला.”

उदारामने कपाळावर हात मारला. राजस्थानातल्या खाणीत उभा जन्म काढला त्याने, आणि घरी आणण्यासारखा हा एकच तुकडा मिळाला. चांदी, अँटिमनी आणि गंधक यांचा लाल स्फटिक. उजेड लागला की काळवंडतो, म्हणून तर फडक्यात, फडकं डब्यात, डबा कपाटात! आज गोंदियाच्या कॉलेजचे प्राध्यापक तो बघायला येणार होते. पसंत पडला तर संग्रहालयात ठेवणार होते, खाली उदारामचं नाव लिहून. सगळ्या दवनीवाड्यात सांगून झालं होतं. परवा डबा खाली काढला काय, आणि या बाईने हात मारला काय!

तो तरातरा अंगणात गेला. कुरोड्यांच्या मधोमध गोटा पडला होता, कोळशासारखा.

“सत्यानास! डोस्कं हाय का खोकं? आता काय दाखवू त्याले? लाल होता तो, लाल!”

“मालूम हाय,” सुशिलाबाई म्हणाली.

“काय मालूम हाय तुले?”

“घासतानी पाह्यला ना. एवढे साल घरात हाय, तुमी कदी दाखवला मले? हात नको लावू, हात नको लावू, बस.” तिने पदराने खाटेवरची माशी हाकलली. “मंग म्हणलं, उनात पाहू. पाहतच राह्यली. भात करपला काल, तो काऊन करपला? सांजेला रंग विझला. मले वाटलं, उद्या ऊन लागलं का पेटेल पुन्हा. म्हणून आज बी ठेवला.”

उदारामने गोटा उचलला, उलटापालटा केला. खाणीत तो त्याने टोपीवरच्या दिव्यात पाहिला होता, घरी दार लावून बॅटरीच्या उजेडात.

बाहेर मोटार थांबली. कुणीतरी कडी वाजवली.

“उघडू का?” सुशिलाबाईने विचारलं.

“थांबू दे त्याले.” कुरोड्या सरकवून तो खाटेच्या कडेला बसला. “उनात कसा दिसत होता वं?”