टाकीवरची रेघ

बोट दचकल्यासारखं उडालं आणि रेघ गेली.

क्लिफ पार्जेटरने फडकं उचलून पाहिलं. पेट्रोलच्या टाकीवरच्या सोनेरी रेघेचा बोटभर तुकडा उठून फडक्यावर पिवळट डाग होऊन आला होता. एकाहत्तर वर्षं ती रेघ तिथे होती. ऊन, पाऊस, सांडलेलं पेट्रोल, सगळं तिने सोसलं, आणि आज क्लिफच्या एका बोटाने तिचा निकाल लावला.

क्लिफ जुन्या मोटरसायकलींचा रंग उजळून द्यायचा. नवा रंग मात्र कधीच द्यायचा नाही. नवा काय, कुणीही फवारा मारून देईल, असं तो नाक मुरडून म्हणायचा. कारखान्यातून निघताना गाडीच्या अंगावर जो रंग होता तोच, विटलेला, दुधाळ झालेला, मऊ फडक्याने आणि पॉलिशच्या चिमूटभर लेपाने तो असा जागा करायचा की मालकाला आपली गाडी ओळखू येऊ नये. इंग्लंडातल्या क्रॅडली हीथ गावात, घरामागच्या शेडमध्ये एकतीस वर्षं त्याने हेच केलं. यातली मेख एवढीच, की सोनेरी रेघा त्या काळी हाताने, सगळ्यात शेवटी काढत. त्यांच्यावर वार्निशचं पांघरूण नसे. म्हणून रेघ जवळ आली की फडकं बाजूला ठेवायचं, आगकाडीला कापूस गुंडाळायचा आणि श्वास धरून केसभर अंतरावरून जायचं. आज ती काडी बोटांत ठरेना, म्हणून त्याने चिडून फडकंच घेतलं होतं.

काडी ईस्टरपासूनच ठरत नव्हती. उजवा अंगठा आपल्याच तंद्रीत हलायचा, जपमाळ ओढावी तसा. क्लिफने हे कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण हे काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. बापाचं असंच सुरू झालं होतं. आधी अंगठा, मग हात, मग सात वर्षं खिडकीजवळची खुर्ची आणि आई चमच्याने भरवतेय. मरणाचं क्लिफला फारसं काही वाटत नसे. त्या चमच्याची मात्र त्याला भयंकर भीती वाटायची.

दार ढकलून ग्लेनिस, त्याची बायको, चहा घेऊन आली.

"हा घे. तोंड का असं पडलंय? भूत पाहिलंस की काय?"

"काही नाही." क्लिफने उजवा हात एप्रनच्या खिशात कोंबला आणि मगात डोकावला. "पुन्हा अर्धाच? चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला, एक मग भरून चहा मिळू नये माणसाला?"

"भरून दिला की गार करून ठेवतोस. माझा चहा काही फुकटचा नाही." ती टाकीकडे न बघता वळली. "उद्या अकराला विलेट्सबाई येणारेत. लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! तेवढंच तर डोक्यात होतं.

एडना विलेट्स एक्याण्णव वर्षांच्या होत्या. तरुणपणी मोटरसायकलच्या कारखान्यात रेघा काढणाऱ्या बारा पोरींपैकी त्या एक. ही टाकी त्यांच्या नवऱ्याच्या, सिडनीच्या गाडीची, आणि तिच्यावरच्या रेघा लग्नाआधीच्या आठवड्यात त्यांनी स्वतः काढलेल्या. सिडनीला जाऊन दोन वर्षं झाली. बाईंची नजरही चालली होती. "डोळे पुरते मिटायच्या आत तो लाल रंग एकदा बघू दे," असं म्हणून त्यांनी टाकी क्लिफच्या हवाली केली होती. वर बजावलं होतं, "बाकी काय ते कर, पण माझ्या रेघांना धक्का लावू नकोस हं, बाळा."

क्लिफने शेडची कडी आतून लावली. आयुष्यात जे त्याने कधी केलं नव्हतं, ते करायला तो बसला. सोनेरी रंगात तपकिरीचा ठिपका घालून तो मळवला, लांब केसांचा ब्रश काढला, उजवं मनगट डाव्या हाताने आवळून धरलं. रेघ तीनदा तुटली, तीनदा पुढे जोडली. दिव्याखाली सुकवून त्याने ती फडक्याने किंचित घासून म्हातारी केली. मग भिंग लावून पाहिलं. कुठे सांधा दिसत नव्हता. कुणाच्या बापाला कळणार नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. असल्या खोट्या रेघा काढणाऱ्यांना त्याने एकतीस वर्षं शिव्या घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना विलेट्सबाई काठी टेकत शेडमध्ये आल्या. क्लिफने त्यांना स्टुलावर बसवलं आणि टाकीवरचं कापड काढलं. काळपट लाल रंग खिडकीच्या उजेडात खोलवरून चमकला. बाई नाक टेकेपर्यंत वाकल्या.

"अगंबाई," त्या हलकेच म्हणाल्या. "हाच. हाच तो लाल. सिडनी म्हणायचा, चेरीचा मुरंबा आहे नुसता."

क्लिफचा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात बाईंनी हातमोजा काढला आणि तर्जनी रेघेवर ठेवली. बोट संथपणे टाकीच्या कडेने निघालं. क्लिफ ते बघत राहिला. खिशात कोंबलेल्या हाताचा अंगठा एप्रनच्या कापडाखाली पिसाळल्यासारखा फडफडायला लागला. बोट वळणाला आलं, वळलं आणि थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

"ही माझी नाही," बाई म्हणाल्या.

क्लिफ डाव्या हातातलं कापड उगाच चुरगाळू लागला.

"मी एका श्वासात काढायची, समजलं? इथे कुणीतरी तीनदा श्वास घेतलाय. तीन उंचवटे लागतायत बोटाला. डोळे गेले माझे, बोटं नाही गेली."

"मिसेस विलेट्स, माझ्या हातून पुसली गेली. मी परत काढली. मी तुम्हाला सांगणार होतो..." तो अडखळला. "नाही, खोटं कशाला बोलू? सांगणार नव्हतो."

"पुसलीस ते जाऊ दे. खिशात काय फडफडतंय ते? दाखव."

"काही नाही हो."

"दाखव म्हणते ना!"

त्याने हात बाहेर काढला. बाईंनी तो चाचपून आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठा त्यांच्या तळव्यावर टकटक करत राहिला.

"आमच्यात एक ऑलिव्ह होती," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत सरस हात तिचा. सत्ताविसाव्या वर्षी तो असा झाला. फोरमन संध्याकाळी जिच्या-तिच्या मांडणीवरच्या टाक्या मोजायचा, कमी भरल्या की घरी पाठवायचा. मग आम्ही प्रत्येकीने रोज आपली एक टाकी तिच्या मांडणीवर ठेवायची. कुणी कुणाशी बोललं नाही यावर. पहिली कुणी ठेवली तेही माहीत नाही. ऑलिव्हला वाटायचं, कुणाला काही कळलेलंच नाही. वेडी! चौदा महिने घाबरून जगली बिचारी, आणि आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक."

क्लिफ खाली बघत होता. "मला फार भीती वाटते हो," तो म्हणाला. हे तो पहिल्यांदाच तोंडाने बोलला होता.

"वाटणारच. बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"मग जा, सांगून ये. मी बसते इथे सिडनीपाशी."

"आणि ती रेघ? पुसून टाकू?"

"हात लावशील तर खबरदार! माझी तिथवर, पुढे तुझी. राहू दे."

स्वयंपाकघरात ग्लेनिस पाहुणीसाठी चांगले कप मांडत होती. क्लिफ टेबलाशी बसला. त्याने उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याला हवं तसं हलू दिलं. बशीतला चमचा किणकिण वाजू लागला.

"ग्लेन," तो म्हणाला. "हे बघ."

ग्लेनिसने हाताकडे पाहिलं नाही. तिने किटली उचलली, त्याच्या कपात चहा ओतला, अर्ध्यावर थांबली आणि कप त्याच्यापुढे सरकवला.

क्लिफ कपाकडे पाहतच राहिला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"ईस्टरपासून." तिने किटली खाली ठेवली. "भरलेला सांडायला लागला होतास."

ती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली. क्लिफने कप उजव्याच हाताने उचलला. चहा कपात इकडून तिकडे हिंदकळला, पण कडेपर्यंत काही आला नाही.