मानसीची स्कूटर आणि ‘पिक अप’

मी मानसीची स्कूटर बोलतेय. करी रोडच्या चाळीखाली, नळाशेजारी, डाव्या आरशाला तडा गेलेली उभी असते ना, तीच. माझ्या पहिल्या मालकाने नवी गाडी आणली आणि मला ताडपत्रीखाली टाकलं. तिथून मला मानसीने सोडवलं.

“ताई, गाडी बरी आहे, पण पिकअप नाय,” चिंचपोकळीचा मेकॅनिक दौलत म्हणाला.

“पूल चढेल ना? मग झालं,” मानसी म्हणाली.

ती शिवणकाम करायची तो कारखाना बंद पडला होता. घरात ती आणि सासू गंगुबाई, दोघीच. म्हणून तिने पार्सलं पोचवायचं काम धरलं.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. दादरच्या एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला : ‘प्लीज पिक अप.’ मानसीला वाटलं, दुकानातून आणखी काही उचलायचंय. तिने मला उलटं वळवलं. गिऱ्हाईक बिचारं म्हणत होतं, फोन उचला! रहदारीत तिला रिंग ऐकूच आली नव्हती.

सुपरवायझर हितेंद्र सगळ्यांदेखत म्हणाला, “इंग्लिश समजत नाही, तर हे काम घेता कशाला?”

“समजून घेईन,” ती एवढंच म्हणाली.

मग ती ज्याला त्याला ‘पिक अप’चे अर्थ विचारत सुटली. धंदा वाढला तरी पिक अप. कानावर पडून पडून भाषा आली तरी पिक अप. एका शाळेपुढे आया मुलांच्या ‘पिक अप’साठी थांबल्या होत्या. तिथे एका चिमुरडीने दोन्ही हात वर केले, “मम्मा, पिक मी अप!” आईने तिला उचलून कडेवर घेतलं. मानसी सिग्नलला हे सगळं पुटपुटायची. बाजूचे बाईकवाले बघत राहायचे. आधी मलाच लाज वाटायची, मग सवय झाली.

परवाच्या मार्चमध्ये परळला मिसेस डिमेलोंचं पार्सल होतं. त्या एकट्याच राहायच्या. फाटकाशी थांबून मानसीने फोन लावला. स्पीकरवर बारीक, तुटका आवाज आला, “पिक मी अप... प्लीज... पिक मी अप.”

वॉचमन रामदास हसला. “म्हातारीला गाडीवरून फिरायचंय वाटतं.”

“नाही हो! त्या पडल्यात. उचला म्हणतायत. त्यांची चावी कुणाकडे असते?”

“शेजारी असते.”

मला स्टँडवर नीट न लावताच ती धावली. मी कलंडले, आरशाला तडा गेला तो तेव्हाच. थोड्या वेळाने अॅम्ब्युलन्स आली. रामदास येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, “बाथरूममध्ये पडल्या होत्या. सकाळपासून. फोन हाताला लागत नव्हता, वाजला तेव्हा कसाबसा ओढून घेतला. ही पोरगी नसती तर...”

मिसेस डिमेलो आता काठी घेऊन चालतात. हितेंद्रने माफी वगैरे मागितली नाही. पण नव्या बायका कामाला लागल्या की त्यांना तो कामापुरतं इंग्लिश शिकायला मानसीकडे धाडतो. रविवारी त्या चाळीखाली जमतात. कुणी पायरीवर, कुणी माझ्या सीटवर. गंगुबाई चहा देतात आणि स्वतःही दोन शब्द घोकतात.

दौलत म्हणतो, आता मला भंगारात काढा. काढतील तेव्हा काढतील. उद्या मला शिवडीच्या गोदामावर जायचंय.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. एखादी पार्सलवाली दारात उभी राहून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारेल. हसू नका. नीट सांगा. तिला उशीर होईल म्हणून घाई करू नका, खाली मी थांबलेय.