पाडव्याला वाजलेलं नऊ नंबरचं गाणं

मी एक जुना सीडी प्लेअर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार जळकुकडा आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. मी मोठ्या पुरीएवढा, गोल आणि चपटा. झाकण उघडायचं, आत सीडी ठेवायची, कानाला हेडफोन लावायचे, की झालं काम.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. ओसाकाच्या एका दुकानातून मला शैलजाने विकत घेतलं. ती पुण्याची. जपानी भाषेच्या परीक्षा पास झाली होती म्हणून कंपनीने तिला दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. माझ्याबरोबर तिने एकच सीडी घेतली. तिकडच्या एका रॉक बँडची, बारा गाण्यांची, आणि वेष्टनावर इंग्रजीत ठळक अक्षरांत ‘लव्ह साँग्स’. शैलजा ती गाणी ऐकताना डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, हिचं सुख माझ्या पोटात फिरतंय. मी वाजवायचो, ती ऐकायची आणि मध्ये तिसरं कुणी नसायचं. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग तिसरा आला. नाव गुरुनाथ, राहणार नागपूर, काम सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. लग्न झालं आणि आम्ही सगळे अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेल गावी राहायला आलो. मीही शैलजाच्या हँडबॅगेत बसून आलो, उगीच नाही! सुरुवातीला ती मला कानाला लावून पोळ्या करायची आणि तो शेजारी उभा राहून विचारायचा, “काय म्हणतोय गं तो?”

“काही नाही रे, अशीच गाणी आहेत,” ती म्हणायची. मला गुदगुल्या व्हायच्या. बस बाहेर, मी मनात म्हणायचो.

पुढे घरात स्मार्टफोन आला आणि माझं नशीब फिरलं. तीच बारा गाणी त्या मेल्या फोनवरही मिळायला लागली. मी गॅरेजमधल्या एका खोक्यात गेलो, ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळांखाली. वर स्वयंपाकघरात शैलजा नऊ नंबरचं गाणं गुणगुणताना ऐकू यायची आणि माझा जीव नुसता तळमळायचा. कशी आहे बघा, माझी आठवण नाही, पण गाणं बरोबर लक्षात आहे!

अशी बरीच वर्षं गेली. गेल्या दिवाळीच्या आधी एक दिवस खोकं उघडलं, आणि बघतो तर काय, समोर गुरुनाथ. शैलजा ऑफिसला गेलेली, हा घरून काम करणारा. त्याने मला पुसलं, कापसाच्या काडीने माझी काच साफ केली, नवीन सेल घातले. इतक्या हळुवारपणे मला कुणीच हाताळलं नव्हतं, आणि ते ह्याने करावं, याचा मला भारी राग आला.

त्यांची मुलगी अनिका पंधरा वर्षांची. तिने विचारलं, “बाबा, व्हॉट आर यू डूइंग?”

“पाडव्याला तुझी आई मला ओवाळते ना, तेव्हा ओवाळणीत मी तिला तिच्या आवडीचं गाणं देणार. जपानीत. सगळ्यांसमोर.”

“यू कान्ट इव्हन सिंग इन मराठी!”

तो हसला. मग म्हणाला, “अनू, ती ही गाणी गुणगुणते ना, तेव्हा मी त्या खोलीत नसतोच. सतरा वर्षं झाली. मला एकदा तरी आत जायचंय यार.”

म्हणजे हाही जळत होता! आणि कुणावर? माझ्यावर! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

आता माझं पाप ऐका. त्या बारा गाण्यांतली अकरा खरीखुरी प्रेमाची होती. नऊ नंबरचं मात्र ताटातुटीचं. त्यात तो माणूस प्रेयसीला म्हणतो, “तुझी गाडी आली, चढ. वळून बघू नकोस. मी दमलोय, उद्यापासून तुझं नावही घेणार नाही.” चाल मात्र अशी गोड, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाळाला झोपवतायत. शैलजा त्या चालीसाठीच ते गुणगुणायची. गुरुनाथला जपानीचा गंध नाही. मी काय केलं, अकरा गाणी अडखळत वाजवली. खर्रर्र करायचो, कडव्यावरून उडी मारायचो. नऊ नंबर आला की लोण्यासारखा चालायचो. शेवटी त्याने तेच निवडलं.

तो एकेक ओळ थांबवून वहीत देवनागरीत लिहायचा आणि मोठ्याने घोकायचा. अनिका म्हणाली, “मीनिंग तरी चेक कर ना, बाबा.”

“मीनिंग काय चेक करायचंय? लव्ह साँग्स लिहिलंय वरती.”

ऑफिसात प्रत्येक बटण दहादा दाबून बघणारा माणूस, आणि इथे वेष्टनावर विश्वास ठेवून मोकळा! होऊ दे फजिती, म्हटलं.

पाडवा होता बुधवारी, पण आमच्याकडे सण शनिवारीच येतात. पंचवीसएक माणसं जमली. चकल्या, चिवडा, कुणाचा ढोकळा, कुणाचा पास्ता. गुरुनाथ कुर्ता घालून पाटावर बसला. शैलजाने निरांजन लावलं, त्याला कुंकू लावलं आणि ताम्हण उचललं. अनिकाने मला स्पीकरला जोडून बटण दाबलं.

गुरुनाथ गायला लागला. सूर तर विचारूच नका, पण एक शब्द चुकला नाही. ओवाळणाऱ्या बायकोकडे बघत, डोळ्यांत पाणी आणून तो तिला सांगत होता, गाडीत चढ, मी दमलोय, तुझं नाव घेणार नाही. शैलजाचे हात मधेच थांबले. मित्रांनो, ह्याच क्षणाची मी वाट बघत होतो. आता ती हसेल, तो विचारील, ती सांगेल, आणि हा जन्मात पुन्हा आमच्या गाण्यांच्या वाटेला जाणार नाही.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. शेजारच्या वीणाकाकू म्हणाल्या, “अगं, आम्हालाही अर्थ सांग की!”

गुरुनाथ तिच्याकडे बघत होता. परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखा.

“सांगते,” शैलजा म्हणाली. “तो म्हणतोय, गाडी आली तरी मी तुला एकटीला जाऊ देणार नाही. तो म्हणतोय, थंडीत रोज तू उठायच्या आधी मी तुझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून येतो. तुला वाटतं, तो आपोआप वितळतो.”

“जपानी गाण्यात गाडीची काच?” वीणाकाकूंनी विचारलं.

“रॉक बँड आहे हो, काहीही लिहितात.” कुणी हसलं, पण ती सांगतच राहिली. “तो म्हणतोय, तुझे बाबा गेले आणि तुला वेळेवर पोहोचता आलं नाही, तेव्हा तू बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस. मी दाराबाहेर जमिनीवर बसून असायचो. तू दार उघडायच्या आत उठून जायचो. तुला कळलं नसेल. आणि ती म्हणते, मला कळलं होतं.”

गुरुनाथने मान खाली घातली. अनिकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ताम्हणातली ज्योत हलत होती, आणि शैलजाने पुन्हा ओवाळायला सुरुवात केली.

माझ्या पोटात ती सीडी अजून फिरत होती. बारा गाणी, वीसेक वर्षं मी जपलेली, कुणाला हात लावू न दिलेली. त्यांत शैलजाने सांगितलेली एकही ओळ नव्हती. त्या दिवशी मी जळलो, तसा फोनवरही कधी जळलो नव्हतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे मी सांगायला हवं. ते सांगतोच, धूळ फार वाईट. पण घरातलं कुणी तुमच्यासाठी वेडंवाकडं गात असेल, तर त्याला चुका दाखवायची घाई करू नका. गुरुनाथ अजून ते गाणं आंघोळ करताना मोठमोठ्याने म्हणतो. खरा अर्थ त्या घरात फक्त दोघांना माहीत आहे. ती सांगणार नाही. आणि माझं म्हणाल, तर मला बोलता आलं असतं, तरी मीही सांगितलं नसतं.