न लागलेलं विरजण

नुरझतने लोण्याचा डबा बाजूला सारला आणि तिचा हात तिथेच थबकला. फ्रिजमध्ये डब्याच्या मागे लपवलेल्या चार कुप्या गायब होत्या.

"आपा, इथं छोट्या कुप्या होत्या..."

"दुधाला लावल्या की पहाटेच," कणीक मळता मळता सासूबाई म्हणाल्या. "विरजणच ना ते? बघ मेलं, दूध जसंच्या तसं!"

नुरझतच्या तोंडचं पाणी पळालं. काराकोल शहरातल्या औषध दुकानांत विरजणाची पूड अशाच कुप्यांतून मिळते, त्यात आपांचं काय चुकलं? चूक तिचीच. लाजेपायी तिनेच खोका फाडून टाकला होता.

वर्षभरात अंगावरून जाण्याचं ते दुखणं चार वेळा उलटलं होतं. गोळ्या घेतल्या की पंधरा दिवस बरे जात, मग पुन्हा तोच स्राव, तोच वास. एर्मेक जवळ आला की ती कूस बदलायची, आणि बायकोला आपला कंटाळा आला असं त्याला वाटायचं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गोळ्यांनी वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात. ते पुन्हा वसवायला हवेत. ही पूड दहा रात्री आतून, योनीमार्गात घ्यायची. खाडा नको." आज सातवी रात्र होती.

आपांनी डोक्याला रुमाल बांधला आणि रिकामी कुपी कोटाच्या खिशात टाकली.

"फसवलंय तुला. त्या दुकानवालीला जाऊन विचारतेच."

"नको आपा, मी जाते ना!"

"तू? तुझ्या तोंडून शब्द फुटेल तेव्हा! चहा टाकून ठेव."

दार लागलं. दुकानात शेजारच्याच घरातली मुलगी बसते. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळेल, सून घाणेरडी म्हणतील. नुरझतने ते दूध ओतून टाकलं, पातेलं दोनदा घासलं, मग उगाच तिसऱ्यांदा घासलं.

आपा परत आल्या. कोट काढून बसल्या. नुरझतने प्याला पुढे केला.

"काठोकाठ भरलास?" आपा म्हणाल्या. "मला घालवतेस होय घरातून?"

पाहुण्याने उठावं म्हणून भरतात तसा प्याला तिने सासूला भरून दिला होता. ती शरमेने लाल झाली.

"दुकानात आणखी तिघीजणी होत्या," आपा चहाकडे बघत म्हणाल्या. "हे दुधात घालायचं नसतं, असं त्या पोरीने सगळ्यांदेखत सांगितलं. कुठं घ्यायचं तेही सांगितलं. हसल्या मेल्या."

"आपा, मी..."

"मी म्हटलं, माझंच आहे."

त्यांनी पिशवी पुढे सरकवली. नुरझतला रडू आवरेना. डोळे पुसत तिने पिशवी उघडली. आत दोन खोके होते.

"एक जास्त आलाय, आपा. परत करून येऊ?"

आपांनी चहाचा घोट घेतला, उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

"तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना विचारशील?" त्या म्हणाल्या. "वीस वर्षांच्या दुखण्यालाही लागू पडतं का ते?"