शेवट उसवून द्या

"आठ महिने आम्हाला ताटकळत ठेवलं, आणि शेवटी काय, तर बाई एकटीच होडीत जाऊन बसली," कॉलरवाली पुटपुटली. पुटपुटली म्हणजे माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, शेजारणीला सांगितल्यासारखं करून मला ऐकवलं. "नवरा परत दिला असता तर हिच्या पेनातली शाई संपणार होती का?"

मी मान वर न करता धागा कापला.

आमच्या कारखान्यात शर्ट शिवतात. मी काजांच्या मशीनवर असते. दुपारी तीनला सगळी मशिनं बंद होतात आणि तासभर आम्ही तयार शर्टांचे लोंबते धागे कापत बसतो. कात्रीला आवाज नसतो, त्यामुळे त्या तासात पूर्वी सासवांचा समाचार घेतला जायचा. पाच-सहा वर्षांत सगळ्या सासवा संपल्या. मग एकदा मी भीतभीत वही काढली आणि मी लिहिलेलं वाचून दाखवलं. तेव्हापासून माझ्या वाट्याचे धागे बाकीच्या कापतात आणि मी वाचते.

या खेपेची गोष्ट होती धक्क्यावरच्या तिकीटवालीची. तिचा नवरा कामासाठी पलीकडच्या काठाला गेलेला, चार महिन्यांत येतो म्हणून. ती रोज संध्याकाळच्या शेवटच्या होडीतली एक जागा विकत नाही. जाताना ती रिकामी गेली तरच येताना त्याला मिळेल, असं तिचं म्हणणं. होडीवाला ओरडतो, लोक भांडतात, जागा रिकामीच जाते. आणि मंगळवारी मी शेवट वाचला: एका संध्याकाळी ती त्या जागेचं तिकीट स्वतःच्या नावाने फाडते, खिडकी बंद करते आणि होडीत जाऊन बसते. त्याला शोधायला नाही. पलीकडचा काठ बघायला.

वाचून झाल्यावर सगळे घरी गेले. बुधवारी सगळेच बोलायला लागले.

काजांसाठी माझ्याकडे शर्टांचे गठ्ठे येतात. त्या दिवशी प्रत्येक गठ्ठ्यातल्या वरच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी. 'त्याला परत आणा.' 'शेवट उसवून द्या.' एकीत नुसतंच, 'तुला काय मिळालं?' अक्षरं मला पाठ आहेत, सगळ्यांची. मी चिठ्ठ्या काढून डब्यात टाकत गेले, पण एक राहिली. तो शर्ट घडी होऊन, पिशवीत बसून दुकानात पोचला. गुरुवारी दुकानदाराचा मालकांना फोन आला की गिऱ्हाईक विचारतंय, कोणाला परत आणायचंय आणि ते त्यानेच आणायचं आहे का.

मालक माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. "बाई, उद्या काय तो निकाल लावा," एवढंच म्हणाले. जाता जाता वळले. "पण खरंच, आला असता तो तर काय बिघडलं असतं?"

आता खरं सांगायचं तर तिकीटवालीसाठी कोणीच चिडलेलं नव्हतं.

कारखान्याच्या त्या टोकाला कापायचं मोठं टेबल आहे. तिथे मावशी असतात. आम्हा सगळ्यांत जुन्या; बावीस वर्षं कापड कापतायत. त्यांचा नवरा नऊ वर्षांपूर्वी परगावी कामाला गेला, चार महिन्यांसाठी. वर्षभर पत्रं आली, मग तीही थांबली. दरवर्षी मावशी ताग्याच्या शेवटच्या चांगल्या तुकड्यातून एक शर्ट कापतात, बेचाळीस मापाचा. तो कुठल्याच मागणीतला नसतो. तुकडे गुपचूप पुढे सरकतात. कॉलरवाली कॉलर लावते, मी काजं करते, इस्त्रीवाले काका घडी घालून टेबलावर ठेवतात. मावशी तो खालच्या खणात सरकवतात. नऊ शर्ट झाले. एकदाही कोणी विचारलं नाही, कोणासाठी.

गोष्ट लिहिताना मावशींचा विचारसुद्धा मनात नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत होते. स्वतःलाही सांगून पाहिलं. कोणालाच पटलं नाही.

काकांनी मला इस्त्रीच्या टेबलापाशी गाठलं. "गिऱ्हाइकाला कॉलर टोचली तर आपण उसवून देतो की नाही?"

"देतो."

"मग गोष्टीला काय सोनं लागलंय?"

"काका, टोचतंय कोणाला?"

त्यांनी इस्त्री उचलली, ठेवली, परत उचलली. कापायच्या टेबलाकडे बघायचं त्यांनी इतकं कटाक्षाने टाळलं की शेवटी मीच पाहिलं.

मावशी मंगळवारपासून गप्प होत्या. आणि गुरुवारी दुपारी त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बातमी मशीनमागून मशीन करत माझ्यापर्यंत आली. "घे," कॉलरवाली म्हणाली. "हे तुझ्या होडीचं फळ."

त्या बाह्या बघून मी हरले. आपलं वाक्य चांगलं झालं म्हणून एका बाईचा जीव दुखवायचा, एवढी मोठी मी नाही.

शुक्रवारी सकाळी डबे भरण्याआधी नवा शेवट लिहिला. शेवटची होडी परत येते, रिकाम्या जागेवर तो बसलेला, केस पिकलेले, हातात बॅग. तो माफी मागतो. ती रडते. लेकीने बूट घालता घालता वाचला.

"आई, हा इतकी वर्षं होता कुठे?"

"ते नाही लिहिलं."

"का?"

"मलाच माहीत नाही."

नासलेलं दूध परत देतात, तशी तिने वही माझ्या हातात दिली.

तीन वाजता मशिनं थांबली. मालकसुद्धा केबिनच्या दारात येऊन उभे, जणू सहज. मी वाचायला लागले. होडी जवळ येत होती. कॉलरवालीने कात्री मांडीवर ठेवली होती. जागेवर कोणीतरी बसलेलं दिसतंय, इथपर्यंत आले.

"थांब."

मावशी आमच्याकडे पाठ करूनच कापत असतात. आज त्या वळलेल्या होत्या.

"मंगळवारचा शेवट कुठे गेला?"

"बदलला, मावशी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

कॉलरवालीला एकदम एक न कापलेला धागा सापडला. काका इस्त्रीतलं पाणी तपासायला लागले.

"दोन डाव्या बाह्या कापल्या मी काल," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं रडतेय. अगं, ती पलीकडे उतरल्यावर पुढे काय बघत असेल, ते डोक्यात घोळत होतं. घरं कशी असतील तिथली, रस्ता कुठे जात असेल. इतक्या वर्षांत माझं डोकं पहिल्यांदा कुठे फिरायला गेलं होतं. आणि आज तू मला परत त्या खिडकीत आणून बसवलंस."

'मला' म्हणाल्या त्या. सगळ्यांनी ऐकलं. दारातल्या मालकांनीसुद्धा.

मी नव्या शेवटाचं पान टरकन फाडलं. आवाज असा आला की वाटलं कापडच फाटलं. माझी वही घेऊन मंगळवारचं पान कोणी शोधून दिलं असेल? कॉलरवालीने. नाक पुसत, आणि पान बरोब्बर कुठे आहे ते ठाऊक असल्यासारखं.

मावशी खाली वाकल्या. खण अडकला होता, दोनदा हिसका द्यावा लागला. एकेक करून नऊ शर्ट त्यांनी टेबलावर मांडले. पहिल्याचा पांढरा रंग पिवळट झाला होता. माझी काजं मी लगेच ओळखली; सुरुवातीची जरा वाकडी आहेत.

"काका, तुमचं माप काय?"

"चाळीस," काका म्हणाले. मग घसा साफ करून, "पण घरी म्हणतात, वाढतोय."

"मग होतील. घेऊन जा."

"मावशी, अहो, राहू द्या ना," कॉलरवाली कळवळली. "समजा, कधी काळी…"

मावशींनी शर्टांचा गठ्ठा काकांच्या हातात ठेवला. रिकामा खण ढकलून बंद केला. आता तो अडकला नाही. मग कंबरेवर हात ठेवून आमच्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं, आणि मला वाटतं, त्या हसल्या.

"नऊ वर्षं शिवलेत तुम्ही सगळ्यांनी मिळून, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. मग मीच म्हणते. तो येणार नाही. चल, वाच पुढे."