अख्ख्या शाहपुराला लागलेलं भूत

त्या रविवारी शाहपुरात गाड्यांमध्ये केळी भरायला माणूस मिळेना. भरणारे, भरून घेणारे आणि गाड्यांचे ड्रायव्हर, सगळे गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडपुढे माना उंचावून उभे होते. बरेच जण बागेतून तसेच आले होते, कंबरेला कोयता आणि अंगात चिकाने डागाळलेला शर्ट. कारण साखळीबाबा अवतरले होते.

‘‘भाइयों!’’ बाबा माइकवर गरजले, ‘‘ही साखळी मामुली नाही! इंग्रजांच्या जमान्यातल्या पागलखान्यातली आहे. हिच्यात बांधलेले हजारो पागल मेले, त्यांचे आत्मे हिच्यातच बसलेत. कोणाच्या अंगात बाधा असली, की ते आपल्या भाईबंदाला बरोब्बर ओळखतात!’’

मरून एवढी वर्षं झाली तरी त्या बिचाऱ्यांना ड्यूटी संपवून घरी जाता येत नाही, हे ऐकून मला वाईट वाटलं.

चमत्कार असा होता. माणसाच्या मनगटाला कोरं पांढरं फडकं गुंडाळायचं, त्यावर तांब्याच्या नाहीतर पितळी भांड्यातलं तीर्थ शिंपडायचं, वर साखळीचे वेढे द्यायचे आणि आरती म्हणायची. आरती संपल्यावर फडकं पांढरं राहिलं तर माणूस निर्मळ. फडक्यावर कड्यांचे काळे वळसे उमटले तर बाधा पक्की. ज्या शेठजींनी मंडप घालून दिला होता, त्यांच्या फडक्यावर तांब्याच्या भांड्यातलं तीर्थ पडलं आणि ते पांढरंशुभ्र निघालं. मला पहिली शंका तिथेच आली.

मी बुऱ्हाणपुरात बुधवारा भागातल्या शाळेत सायन्स शिकवते. रविवार सोडून इथे उन्हात उभी होते ती माझ्या बहिणीच्या मुलासाठी, रितेशसाठी. दोन वर्षांपूर्वी त्याला कानात आवाज यायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पोरगा झोपायला लागला, हसायला लागला, बागेत जायला लागला. तेव्हा त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भिकनदाजींनी, डोकं चालवलं. बरा झाला ना, मग गोळ्या कशाला? गोळ्या बंद झाल्या, आवाज परत आले, आणि दाजींनी ठरवलं की ही बाधा. आज फडकं काळं निघालं तर रितेशला शेडमधल्या खुंट्याला बांधणार होते.

‘‘दाजी, ऐका जरा,’’ मी म्हणाले. ‘‘विलायतेत एके काळी वेड्यांना साखळीने भिंतीला बांधून ठेवत. लोक सुट्टीच्या दिवशी त्यांची गंमत बघायला जात. पुढे तिथल्याच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की साखळी काढली तर माणूस शांत होतो. आपल्याकडे इंग्रजांनी वेड्यांची इस्पितळं बांधली, त्यातही गोऱ्यांची वेगळी आणि आपली वेगळी...’’

‘‘बाबा बी तेच सांगी राह्यले ना उषाताई,’’ दाजी खुश होऊन म्हणाले. ‘‘साखळी जुनी आहे!’’

माझं व्याख्यान तिथेच आटोपलं.

पहिल्या रांगेत दाजींची थोरली बहीण भागाबाई बसली होती. तरुणपणी तिचंही डोकं फिरलं होतं आणि मनोरुग्णालयात तिची अर्धी जवानी गेली होती. ती मध्येच म्हणाली, ‘‘बाबा, मी राह्यली ना तसल्या ठिकाणी. मले तर ही साखळी कधी दिसली नाही.’’

‘‘माताजी, ती पुण्यवान नजरेलाच दिसते,’’ बाबा म्हणाले.

‘‘मंग आता कशी दिसी राह्यली?’’

बाबांनी घाईघाईने आरती सुरू केली.

रितेशचा नंबर आला. फडकं, पितळी भांड्यातलं तीर्थ, साखळी. आरती संपली, वेढे सुटले, आणि पांढऱ्या फडक्यावर एकामागून एक काळे वळसे! गर्दीने जयजयकार केला. माझी बहीण सुनंदा रडायला लागली.

‘‘जबरदस्त बाधा!’’ बाबा म्हणाले. ‘‘शेडमध्ये बांधा. गोळ्या बिलकुल बंद.’’

‘‘किती दिवस?’’ दाजींनी विचारलं.

‘‘ते बाधेच्या मर्जीवर.’’

रितेश मात्र फडकं डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. मग नाकाशी नेलं आणि एकदम हसला. लोक चार पावलं मागे सरले.

‘‘बाबाजी, एक मिनट,’’ तो म्हणाला. ‘‘हा डाग तर माझ्या सगळ्या शर्टांवर आहे.’’

‘‘असणारच! बाधा पुरानी आहे.’’

‘‘पप्पांच्या शर्टावर पण आहे.’’

‘‘खानदानी बाधा!’’

‘‘आणि समोर उभ्या गोटूकाकांच्या बनियनवर?’’

‘‘तो... तो संगतीचा परिणाम.’’

‘‘ड्रायव्हरांच्या पँटींवर पण आहे. मतलब अख्खा शाहपूर पागल. शेड छोटं पडेल ना, बाबाजी!’’

गर्दीतला प्रत्येक जण मान खाली घालून स्वतःचा शर्ट बघायला लागला. कोणीतरी खुदकन हसलं. केळीच्या चिकाचा डाग! ज्यांच्या बायका आयुष्यभर तो घासत बसल्या, ती माणसं तोच डाग बघून हात जोडत होती.

माझं डोकंही तेव्हा कुठे चाललं. मंडपाच्या दाराला शोभेचे केळीचे खांब बांधले होते. मी गोटूला म्हणाले, ‘‘काढा कोयता.’’ त्याने खांब तोडला, माझ्या पांढऱ्या रुमालावर त्यातलं पाणी पिळलं. मी बाबांची साखळी उचलली. ती एका परातीत लिंबाच्या पाण्यात भिजत पडलेली असे, शुद्धीसाठी म्हणे. रुमालावर ठेवली, आणि आरती न म्हणताही काळे वळसे उमटले.

‘‘चिकात टॅनिन असतं,’’ मी माइक हिसकावून सांगितलं. ‘‘गंजलेल्या साखळीतलं लोखंड लिंबाने सुटतं. दोन्ही एकत्र आलं की काळी शाई होते. तुमचे कोयते आणि हात कशाने काळे होतात? शेठजींसाठी तांब्याच्या भांड्यातलं साधं पाणी होतं. रितेशसाठी पितळी भांड्यातलं, केळीचं!’’

गोटूने बाबांचा हात धरला, फडकं गुंडाळलं आणि पितळी भांडं उपडं केलं. साखळीचा वेढा पडला मात्र, बाबांना भलतीच जबरदस्त बाधा निघाली. आम्ही हसत होतो तोवर ते शेडमागून मोटरसायकलवर पसार झाले.

दाजी तसेच बसून राहिले. ‘‘पण पोराले आवाज तर येतात ना, ताई,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘येतात, दाजी. तो आजार आहे. शुगरचा असतो तसाच. शुगर कमी आली म्हणून तुम्ही स्वतःच्या गोळ्या बंद करता का?’’

तेवढ्यात भागाबाई उठली. तिने जमिनीवरची साखळी पायाने ढकलली.

‘‘भिकन, पागलखान्यात साखळी नव्हती रे,’’ ती म्हणाली. ‘‘साखळी आपल्या गोठ्यात होती. आपल्या बापानं मले बैलांपाशी बांधलं, तू लहान होता. तिथल्या डॉक्टरनं पाय धुतले, मलम लावलं. बरी झाली मी. मंग रोज फाटकापाशी जाऊन बसायची. घ्यायला कोणीच आलं नाही. लई वर्षांनी तू आला.’’

हसणारं एकही तोंड राहिलं नाही.

लोकहो, चमत्कार दिसला की आधी आपल्या शर्टाकडे बघा. आपल्याला जे माहीत आहे तेच विसरायला लावणं, एवढीच बाबांची विद्या असते. आजारी माणसाला डॉक्टर लागतो, औषध लागतं आणि शेजारी बसणारं माणूस लागतं. साखळी कोणालाच लागत नाही.

दाजींनी डोळे पुसले, मोटरसायकलला किक मारली आणि रितेशला मागे बसवलं, थेट बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरकडे. भागाबाई रस्त्यापर्यंत गेली.

‘‘डॉक्टरनं ठेवून घेतला तर राहू दे,’’ ती ओरडून म्हणाली. ‘‘पण भिकन, त्याले घ्यायला जा!’’