काळ्या मण्यांचे दोन खण

मी एक लाकडी पेटी. भवानी पेठेत लाकडाच्या वखारीजवळ हमीद नावाचा सुतार काम करायचा, त्याने मला घडवलं. कुणाच्या तरी कपाटातून उरलेलं सागवान, आत पातळ पट्ट्यांचे आडवे-उभे खण आणि वर सरकतं झाकण. दिसायला मी काही फार देखणी नव्हते, पण एका खणातला मणी दुसऱ्यात जात नसे. हमीदला तेवढंच हवं होतं.

त्याची बायको सकीना मणी गाठवायची. गंज पेठेत त्यांची एक खोली होती. काही काम सराफांकडून येई, काही बायका थेट खोलीवर घेऊन येत. मी येण्याआधी तिचे मणी चहाच्या डब्यांत आणि फडक्यांच्या पुरचुंड्यांत असत. एखादी पुरचुंडी सुटली की ते निवडण्यात तिची सकाळ जाई. हमीदने मला तिच्यापुढे ठेवलं तशी ती लगेच मांडी घालून बसली आणि एकेक खण भरायला लागली.

काळे मणी सगळ्यात जास्त लागायचे, म्हणून उजव्या हाताशी पुढचे दोन खण काळ्यांचे. त्यांच्यामागे सोन्याचा मुलामा दिलेले पोकळ मणी. मधे पोवळी. डावीकडे खोटे मोती. गडद निळे काचेचे मणी क्वचित लागत, ते पार मागच्या कोपऱ्यात. ही जागा एकदा ठरली ती ठरली.

माझ्यापुढे बसून बायका खूप बोलत. तुटलेली पोत रुमालात बांधून आणत आणि ती कशी तुटली हे न विचारताच सांगत. दाराच्या कडीत अडकली, लेकराने ओढली. सोबत लेकरू नसे, असलंच तर चांगलं शाळेत जाणारं असे. सकीना मान खाली घालून ओवत राही. ती कधी कुणाला उलट विचारायची नाही, म्हणूनच त्या पुन्हा तिच्याकडे येत असाव्यात.

हमीद फार जगला नाही. लाकडाच्या भुशाने त्याची छाती भरली होती. तो गेला तेव्हा त्यांची मुलगी नसीमबानू नुकती शाळेत जाऊ लागली होती. त्यानंतर त्या घरात जे काही शिजलं, ते माझ्या खणांतून आलं. नसीमबानू शिकली, मोठी झाली, कोथरूडला एका कचेरीत नोकरीला लागली. तिचं लग्नही ठरलं. नियाज नावाचा मुलगा, कोल्हापूरला शाळामास्तर. लग्न दिवाळीच्या सुट्टीत करायचं होतं.

त्याच्या आधीपासूनच सकीनाची नजर जात चालली होती.

हे मला सगळ्यांत आधी कळलं. पूर्वी ती आधी बघायची आणि मग हात घालायची. हळूहळू हात आधी यायला लागला. बोटं माझ्या कडेवरून सरकत, एकेक पट्टी ओलांडत नेमक्या खणाशी थांबत. रेशमाचं टोक ती मेणाने ताठ करून घेई आणि मणी ओठांजवळ धरून ओवी. मणी विकणारा नवीन पुडे देताना रंग सांगायचाच. तो गेला की ती लगेच पुडे जागच्या जागी रिकामे करायची. लेकीसमोर मात्र जाड चष्मा लावून बसे. लेकीला कळलं असतं, तर ती आईला सोडून कोल्हापूरला गेली नसती. सकीनाला ते होऊ द्यायचं नव्हतं.

लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात सकीना दोन-चार दिवस बहिणीकडे शिरूरला गेली. नसीमबानूने रजा काढली होती. सासरी जाण्याआधी आईसाठी काहीतरी करून जावं असं तिच्या मनात होतं. तिने खोलीला चुना दिला, भांडी घासली आणि शेवटी मला अंगणात आणलं. माझे खण रिकामे करून तिने ओल्या फडक्याने पुसले. तळाला जांभळी मखमल चिकटवली. मग सगळे मणी रंगांप्रमाणे लावले. पांढऱ्यापासून सुरुवात, मग सोनेरी, लाल, निळे आणि शेवटी काळे. दोन खणांतले काळे तिने एकाच मोठ्या खणात शिगोशीग भरले. त्यांच्या शेजारी गडद निळे आले.

मला इतकं कुणी कधी सजवलं नव्हतं. पण सकीना परत येऊन माझ्यापुढे बसली आणि तिचा हात नेहमीच्या खणात गेला, तेव्हा तिथे मोती होते. हात तिथेच थांबला.

"अम्मी, कशी दिसते?" नसीमबानूने विचारलं.

"छान," सकीना म्हणाली. "फार छान लावलीस."

मग नसीमबानूने कौतुकाने कुठून कुठवर कोणता रंग ते सांगितलं. सकीनाने ते नीट ऐकून घेतलं. लेक कचेरीत गेली की ती माझ्यावर हात फिरवत नवी जागा पाठ करी. मोती हाताला कळतात, पोवळीही कळतात. पण काळा आणि गडद निळा एकाच साच्यातले, एकाच आकाराचे. आजवर त्यांच्यातला फरक फक्त जागेने सांगितला होता. शेवटचा खण काळ्यांचा, हे तिला कळलं होतं. काळ्यांना नेहमी दोन खण लागतात, म्हणून त्याच्या शेजारचाही तिने काळ्यांचाच धरला आणि निळे त्याच्या अलीकडे असतील असं समजली.

त्याच आठवड्यात वाघोलीहून सरुबाई आल्या. शेती करणारं घर, सकीनाकडचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मैनाचं लग्न होतं, मंगळसूत्र दोन पदरी गाठवून हवं होतं. सकीनाने एक पदर शेवटच्या खणातून ओवला आणि दुसरा त्याच्या शेजारच्या. सरुबाई ते न्यायला आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. खोलीतल्या मिणमिणत्या दिव्यात दोन्ही पदर सारखेच दिसत होते. त्यांनी ते रुमालात बांधलं आणि एसटी गाठायला निघाल्या.

लग्नानंतरच्या रविवारी त्या परत आल्या. नसीमबानू चहा टाकत होती. सरुबाईंनी मंगळसूत्र माझ्या झाकणावर ठेवलं.

"सकीनाबी, ह्ये माझ्या पोरीच्या गळ्यातलं हाय. बघा की जरा."

सकीनाने ते उचललं. चष्म्याजवळ धरलं, मग दोन्ही पदर बोटांतून ओढून पाहिले. गाठी पक्क्या होत्या.

"काही निसटलंय का?" तिने विचारलं.

सरुबाई तिच्याकडे बघत राहिल्या. भर उन्हात मांडवात एक पदर काळा आणि एक निळा दिसला होता. मुलाकडच्या बायकांनी ते बघून तोंडं फिरवली होती, मैनाला पहिल्याच दिवशी नको ते ऐकावं लागलं होतं. हे सगळं बोलायलाच त्या आल्या होत्या. पण त्यांनी आपला हात उचलून सकीनाच्या डोळ्यांपुढून हळूच नेला. सकीनाची पापणी लवली नाही.

"कवापासनं दिसत न्हाई तुमाला?"

चुलीवर चहा उतू गेला.

सरुबाईंनी आवाज चढवला नाही. झालेलं सांगितलं, चहा न घेता मंगळसूत्र परत रुमालात बांधलं आणि दुसरीकडून गाठवून घेते म्हणाल्या. जाताना सकीनाच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. त्यानंतर मात्र वाघोलीहून कुणी आलं नाही.

त्या गेल्यावर नसीमबानू आईजवळ बसली.

"मी सगळं बदललं तेव्हा का नाही बोललीस?"

"तू इतक्या मनाने लावले होतेस," सकीना म्हणाली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. नियाज कोल्हापूरहून स्वतः आला, अम्मीलाही आपल्याकडे नेऊ म्हणाला. मनापासून म्हणाला. पण सकीनाने नकार दिला. "नव्या घरात मला पाण्याचा तांब्यासुद्धा सापडणार नाही, इथे हाताला सगळं माहीत आहे," असं ती म्हणाली. तू जा, असं लेकीला परत परत सांगितलं. नसीमबानू गेली नाही. नियाज वर्षभर थांबला, मग त्याचं दुसरीकडे लग्न झाल्याचं कळलं.

नसीमबानूने आईला विचारून विचारून माझे मणी पुन्हा पहिल्या जागी लावले. सगळं बरोबर लागलं, पण सकीनाने पुन्हा रेशीम हातात धरलं नाही. मायलेकी त्या खोलीत बरीच वर्षं राहिल्या. कुणी कुणाला दोष दिला नाही. तांब्या, काठी, नमाजाची जानमाज, काहीच जागचं हललं नाही. पुढे सकीना गेली.

नसीमबानू आता निवृत्त होऊन कोंढव्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. मागच्या महिन्यात तिच्या कचेरीतल्या विजयमालाताई आल्या होत्या. त्या घरी दागिने करायला शिकताहेत. नसीमबानूने माझे सगळे मणी त्यांना देऊन टाकले. त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी उघडली आणि एकेक खण तीत रिकामा केला. काळे, निळे, पोवळी, मोती सगळे एकत्र. घरी जाऊन निवडते, म्हणाल्या. नसीमबानू खिडकीकडे बघत राहिली.

"पेटीही देऊन टाक की, तुला काय उपयोग?" विजयमालाताईंनी विचारलं.

"पेटी लागेल मला. अम्मीचाच आजार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. कडेचं दिसायचं बंद झालंय."

विजयमालाताईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्या बराच वेळ बसल्या. नसीमबानूचा हात हातात घेऊन बसल्या.

आता माझ्या पुढच्या खणात डोळ्यांच्या थेंबांची बाटली असते, शेजारी सकाळच्या गोळ्या, मागे रात्रीच्या. मखमल जागोजागी सुटली आहे. तुमच्या घरी कुणाची पेटी, फडताळ, कपाट असेल आणि ते आवरावंसं वाटलं, तर आवरा. पण ज्याचं आहे त्याला आधी शेजारी बसवा. त्याचा हात कुठे जातो ते बघा.

काल नसीमबानू डोळे मिटून माझ्यापुढे बसली होती. बोटांनी एकेक पट्टी मोजत बाटलीपर्यंत आली. एकदा चुकली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.